गर्भातील बाळाचा मेंदू : आईचे ताट आणि आईचा ताप

रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसले आहेत. मुंबईची लोकल गाडी कर्जतला आणि पुढे खोपोलीला येऊन थांबते. परंतु स्थानकापासून काही मैल आत गेले की ठाकर व कातकरी वाड्यांचे जीवन अजूनही पावसाच्या आणि भाताच्या वेळापत्रकानुसार चालताना दिसते. भातकापणी उरकली, दिवाळी झाली की अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर कामाला निघतात. ती परततात पावसाच्या तोंडावर. निघालेल्या कुटुंबात एखादी स्त्री दोन महिन्यांची गरोदर असते. तिने ते कोणाला सांगितलेले असतेच असे नाही. ती परत येते तेव्हा तिला आठवा महिना लागलेला असतो किंवा बाळ कडेवर असते.

या मधल्या काळात तिच्या उदरात जे बांधकाम चालते, त्याविषयी आज वैद्यकशास्त्राला बरेच काही ठाऊक झाले आहे. त्यातील महत्त्वाचा भाग तर आपल्याच महाराष्ट्रात, पुणे जिल्ह्यातील खेड्यांत आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांत शोधला गेला आहे. म्हणून हा विषय केवळ डॉक्टरांचा न मानता आपणही समजून घ्यावयास हवा.

मेंदूचे वेळापत्रक

गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवर एक पन्हळ तयार होते. तिच्या दोन्ही कडा वर येऊन एकमेकींना मिळतात आणि एक नळी बनते. हीच चेतानलिका. तिच्या वरच्या टोकाचा मेंदू होतो आणि उरलेल्या भागाचा मज्जारज्जू. अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास ही नळी पूर्ण मिटलेली असते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात आणि पुष्कळशा स्त्रियांना आपण गरोदर आहोत याची खात्रीही झालेली नसते. नळी कोठे उघडी राहिली तर बाळ पाठीवर मांसल गाठ घेऊन जन्मते, किंवा कवटी व मेंदूच अपुरा राहतो.

त्यानंतरच्या महिन्यांत, विशेषतः तिसऱ्या महिन्यापासून सहाव्यापर्यंत, चेतापेशी प्रचंड वेगाने निर्माण होतात आणि आपापल्या ठरलेल्या जागी स्थलांतर करतात. शेवटच्या तिमाहीत पेशींचे एकमेकींशी धागे जुळू लागतात आणि त्या धाग्यांवर स्निग्ध वेष्टण चढू लागते. विजेच्या तारेवर रबरी आवरण असावे तसे हे आवरण असते. ते नीट चढले तर संदेश वेगाने जातो. जन्माच्या वेळी मेंदूचे वजन साधारण साडेतीनशे ते चारशे ग्रॅम असते आणि दोन वर्षांत तो प्रौढ मेंदूच्या सुमारे तीन चतुर्थांशाहून मोठा झालेला असतो. प्रत्येक टप्प्याला स्वतःची अशी सामग्री लागते. ती त्या टप्प्यात मिळाली नाही तर नंतर दिलेली नेहमीच उपयोगी पडते असे नाही. भिंत उभी राहिल्यावर पायात दगड घालता येत नाहीत, त्यातलाच हा प्रकार.

चार साध्या वस्तू

चेतानलिकेसाठी फॉलिक आम्ल हवे. ज्या मातांना पूर्वी असे अपंग बाळ झाले होते, त्यांना गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल दिल्यास तोच दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटते, हे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत सिद्ध झाले. येथे 'आधीपासून' हा शब्द मोलाचा आहे. तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवून सुरू केलेली गोळी इतर अनेक कारणांसाठी आवश्यकच असते, परंतु या एका दोषापुरती ती उशिरा आलेली असते.

दुसरी वस्तू आयोडीन. आईच्या शरीरात ते फारच कमी असेल तर गर्भाच्या मेंदूला लागणारे थायरॉईडचे संप्रेरक पुरेसे बनत नाही आणि मूल मतिमंद व बहिरे जन्मू शकते. उपाय इतका स्वस्त आहे की त्याचे महत्त्व आपल्या ध्यानातच राहत नाही. तो उपाय म्हणजे आयोडीनयुक्त मीठ. थेट खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास केंद्र शासनाने २००६ मध्ये बंदी घातली आहे. तरीही पेण-उरणच्या आगरांचे खडे मीठ स्वस्त आणि चवीला चांगले म्हणून घराघरांत वापरले जाते. मासळी खारवण्यास ते खुशाल वापरावे. गरोदर स्त्रीच्या आमटीत मात्र पुडीतले मीठ जावे.

तिसरे लोह. महाराष्ट्रातील गरोदर स्त्रियांपैकी ४५.७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीचे (२०१९-२१) आकडे सांगतात. रक्तक्षय म्हणजे थकवा, एवढेच आपण समजतो. परंतु लोह हे मेंदूतील स्निग्ध वेष्टणासाठी आणि स्मरणाच्या केंद्रासाठीही लागते. लोह कमी पडले की गर्भाचे शरीर ते आधी तांबड्या पेशींना देते आणि मेंदू मागे राहतो. म्हणजे बाळाचे रक्त तपासणीत ठीक दिसत असतानाही मेंदूला उणीव भासत असू शकते. पूर्ण दिवस भरलेले बाळ जन्मतः जे लोह बरोबर आणते ते सुमारे सहा महिने पुरते. आईचाच साठा रिकामा असेल तर ही शिदोरीही लहान होते.

चौथी वस्तू ब१२ जीवनसत्त्व. त्याची कथा थोडी सविस्तर सांगितली पाहिजे.

पुण्याजवळील सहा गावे

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत एक पाहणी सुरू केली. गर्भधारणेच्या आधीपासून स्त्रियांची नोंद ठेवायची, त्या काय खातात, किती काम करतात, हे लिहून घ्यायचे आणि पुढे त्यांच्या मुलांचे वर्षानुवर्षे निरीक्षण करायचे, असे या कामाचे स्वरूप होते. ही मुले आज तिशीत पोहोचली आहेत. असे चिकाटीचे काम आपल्याकडे विरळाच.

तेथे जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास भरले. ज्या माता हिरव्या पालेभाज्या व फळे अधिक वेळा खात, त्यांची बाळे अधिक भरलेली होती. आईने नुसते किती खाल्ले यापेक्षा काय खाल्ले याला अधिक महत्त्व दिसले. याच गावांतील आणखी एक निष्कर्ष आपल्या विषयाच्या थेट जवळचा आहे. शेतातील, पाणी वाहण्याचे व इतर कष्टाचे काम ज्यांना गरोदरपणाच्या पहिल्या आणि मधल्या महिन्यांत अधिक करावे लागे, त्यांच्या बाळांचे जन्मवजन कमी होतेच, परंतु डोक्याचा घेरही लहान होता. वीटभट्टीवर दिवसभर चिखल मळणाऱ्या व डोक्यावरून विटा वाहणाऱ्या स्त्रीची या पाहणीत गणना नव्हती. पण तिच्याविषयी तर्क करण्यास फार विद्वत्ता लागू नये.

या मातांपैकी सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांच्या रक्तात ब१२ कमी होते. फॉलिक आम्लाची उणीव मात्र जवळजवळ नव्हतीच. पालेभाजी व डाळ खाणाऱ्या, परंतु दूध, अंडी, मासे क्वचितच मिळणाऱ्या आहाराचा हा परिणाम होता. ब१२ वनस्पतींतून मिळत नाही. पुढे मुले नऊ वर्षांची झाल्यावर त्यांच्या बुद्धीच्या चाचण्या घेण्यात आल्या. त्या अभ्यासाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. गरोदरपणी ज्यांचे ब१२ फार कमी होते, अशा मातांची मुले एकाग्रतेच्या आणि अल्पकालीन स्मरणाच्या चाचण्यांत मागे पडली होती. सर्वच चाचण्यांत नव्हे. आणि ती मुले मंदबुद्धी होती असेही नव्हे. आकडे उलट क्रमाने म्हणून दाखवताना अडखळणे, रंगीत ठिपके जोडण्यास अधिक वेळ लागणे, असे ते फरक होते. परंतु वर्गात शेवटच्या बाकावर बसणाऱ्या मुलासाठी एवढा फरकही पुरेसा असतो.

त्याच पाहणीतील मुले-मुली पौगंडावस्थेत आल्यावर, २०१२ पासून, त्यांना रोज अगदी अल्प मात्रेत, दोन मायक्रोग्रॅम, ब१२ देण्याची चाचणी झाली. पुढे या मुली स्वतः माता झाल्या. नुसते ब१२ मिळालेल्या गटातील मातांची मुले दोन वर्षांच्या सुमारास आकलनात व भाषेत सरस ठरली, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासलेल्या मुलांची संख्या लहान होती, त्यामुळे यावरून मोठे राजवाडे बांधू नयेत. परंतु दिशा तीच आहे : आईची तयारी गरोदरपणाच्या आधी सुरू होते.

वांद्र्याच्या परिसरात झालेला दुसरा प्रयोगही हेच सुचवतो. २००६ ते २०१२ या काळात डॉ. रमेश पोतदार व ब्रिटनच्या डॉ. कॅरोलाईन फॉल यांच्या पथकाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील साडेसहा हजार स्त्रियांना रोज समोशासारखा एक खाद्यपदार्थ दिला. एका गटाच्या पदार्थात पालेभाजी, फळे व दूध होते, तर दुसऱ्या गटाच्या पदार्थात बटाटा-कांद्यासारखे साधे जिन्नस. सरसकट पाहता बाळांच्या वजनात निर्णायक फरक पडला नाही. ज्यांनी गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने तो पदार्थ खाल्ला होता, त्यांच्या बाळांचे वजन मात्र सरासरी ४८ ग्रॅमने अधिक भरले, आणि पालेभाजीच्या गटात गरोदरपणातील मधुमेहही कमी आढळला.

कर्जतच्या वाड्यांतील आहार पुण्याच्या गावांसारखा नाही, हेही सांगावयास हवे. कातकरी माणूस ओढ्यातले खेकडे व मासे धरतो, बाजारातून सुकट आणतो. ब१२ त्यातून मिळते. येथील उणीव वेगळ्या प्रकारची आहे : ती ऋतूंप्रमाणे येते. पावसाळ्यात जुने धान्य संपते आणि नवे भात उभे असते. खावटी हा शब्द ज्या भुकेतून जन्मला, ती हीच भूक. कर्जत तालुक्यातील कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने याच महिन्यांसाठी वाड्यावाड्यांत धान्यबँका उभारल्या. पावसाळ्यात धान्य उसने न्यावे आणि पीक आल्यावर परत करावे, अशी ती रीत होती. सावकाराच्या दारातून लोकांना सोडवणे हा तिचा हेतू होता. गर्भातील मेंदूचा विचार तेव्हा कोणी केला नसेल, परंतु धान्य पोटात गेले ते त्यालाही पोहोचलेच.

ताप आणि गर्भ

आता संसर्गाकडे वळू. गरोदरपणातील आजार बाळाच्या इंद्रियांवर घाला घालू शकतो, हे प्रथम ठळकपणे दाखवले सिडनीचे नेत्रवैद्य डॉ. नॉर्मन ग्रेग यांनी, १९४१ मध्ये. मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या अनेक बाळांच्या मातांना गरोदरपणाच्या आरंभी रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, झाला होता, हे त्यांच्या ध्यानात आले. आईला दोन दिवस अंगावर पुरळ, आणि बाळाला आयुष्यभर आंधळेपण, बहिरेपण व मेंदूची इजा! महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलामुलींना गोवर-रुबेला लस शाळाशाळांतून देण्यात आली. तेव्हा समाजमाध्यमांवरील अफवांनी घाबरून काही पालकांनी मुलींना त्या दिवशी घरी ठेवले. त्या मुली आता विवाहाच्या वयात येत आहेत. लस राहिली असल्यास ती गर्भधारणेपूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी; गरोदरपणात ती देत नाहीत.

कर्जत-खालापूरच्या ओलसर पायथ्याशी अधिक ओळखीचा शत्रू म्हणजे हिवताप. त्याचे जंतू वाहून नेणाऱ्या रक्तपेशी वारेत अडकून बसतात. वार ही बाळाची शिदोरी पोहोचवणारी वाट. तीच अडली की अन्न आणि प्राणवायू दोन्ही कमी पडतात. शिवाय हिवताप रक्तक्षय वाढवतो. म्हणून गरोदर स्त्रीला ताप आला की 'अंगावर काढणे' हा आपला नेहमीचा उपाय तिच्या बाबतीत विसरावा आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. लघवीच्या जागी जळजळ, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, या तक्रारी तर स्त्रिया लाजेने सासूलाही सांगत नाहीत. असे संसर्ग वर चढले तर बाळ दिवस भरण्याआधी जन्मू शकते आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा मेंदू सर्वांत नाजूक असतो. डासांतून पसरणारा झिका विषाणू ब्राझीलमध्ये २०१५-१६ मध्ये लहान डोक्याच्या बाळांमुळे जगाला कळला. महाराष्ट्रातील पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे सापडला, आणि २०२४ मध्ये पुण्यात अनेक गरोदर स्त्रियांना त्याची लागण झाली.

जंतू बाळापर्यंत पोहोचला नाही तरी धोका संपत नाही. आईचे शरीर जंतूशी लढताना जी रासायनिक द्रव्ये सोडते, त्यांचाच गर्भाच्या मेंदूवर परिणाम होतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले आहे. माणसांत याचे पुरावे संमिश्र आहेत. एका साध्या सर्दीने बाळाची बुद्धी जाते असा अर्थ कोणी काढू नये. तीव्र आणि दीर्घ ताप लवकर आटोक्यात आणावा, एवढाच बोध घ्यावा.

भूक आणि संसर्ग हे दोघे एकमेकांचे सोबती आहेत. अनवाणी चालणाऱ्या स्त्रीच्या पायातून अंकुशकृमी शिरतो आणि आतड्यात बसून रोज थोडे रक्त पितो. ती कितीही पालेभाजी खावो, लोह गळतच राहते. म्हणून गरोदरपणाच्या दुसऱ्या तिमाहीत जंताची एक गोळी दिली जाते. चपला आणि शौचालय हीदेखील या अर्थाने मेंदूचीच औषधे आहेत.

घरातील गोष्टी

'कमी खा, म्हणजे बाळ लहान राहील आणि बाळंतपण सोपे जाईल', हा सल्ला अजूनही आपल्या घरांत प्रेमाने दिला जातो. तो देणाऱ्या आजीने अडलेली बाळंतपणे डोळ्यांनी पाहिलेली असतात, हे विसरू नये. रुग्णालय दूर असताना तिच्या भीतीला आधार होता. आज कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, कशेळ्याला ग्रामीण रुग्णालय आहे. आजीची भीती आता रुग्णवाहिकेवर सोपवावी आणि सुनेचे ताट भरावे. ग्रहणात चिरल्याने बाळाचा ओठ फाटतो, या समजुतीपायी गरोदर स्त्रीला उपाशी कोंडून ठेवणे तर निव्वळ अपाय आहे. आणि उपवासकाळाविषयी : चर्चच्या परंपरेने गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या मातांना उपवासातून मोकळीक दिलेली आहे. ती घेण्यात श्रद्धेची उणीव नाही.

मशेरीबद्दल मात्र कठोरच बोलले पाहिजे. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी करून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मशेरी, तंबाखू यांसारखे पदार्थ वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले. मशेरी भूकही मारते, म्हणूनच गरिबाघरी ती लागते. दारूचा तर गर्भातील मेंदूवर थेट घाव बसतो. तिची कोणतीही मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही.

सरकारी गोळ्यांबाबत एक व्यावहारिक सूचना. लोह व फॉलिक आम्लाची गोळी गरोदरपणात किमान १८० दिवस घ्यावयाची असते. शौचास काळे होते, मळमळते, म्हणून अनेकजणी ती पत्र्याच्या डब्यात साठवून ठेवतात. काळे होणे हे निरुपद्रवी आहे, हे कोणीतरी आधी सांगितले असते तर निम्मे डबे रिकामे दिसले असते. गोळी जेवणानंतर तासाभराने, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. चहा व कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर घेऊ नये. टाकळा, कुर्डू, शेवग्याचा पाला, नाचणी, चवळी यांतील लोह शरीरात शोषले जावे म्हणून ताटात लिंबू किंवा आवळा असावा. सुकट आणि अंडे परवडेल तेव्हा अवश्य असावे.

आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांसाठी राज्य शासनाने २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. तिच्यात दिवसातून एकदा अंगणवाडीत ताजे, चौरस जेवण मिळते. आपल्या ओळखीच्या वाडीला ती लागू आहे का, हे अंगणवाडीताईंना जरूर विचारावे. योजना आखताना हे जेवण गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीपासून ठेवले गेले. मेंदूचे वेळापत्रक वर दिलेच आहे. त्याच्याशी ताडून पाहता हा घास फार उशिरा येतो, असे आमचे नम्र मत आहे. आणि वीटभट्टीवर गेलेल्या स्त्रीपर्यंत तो येतच नाही. स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवण्यासाठी महिला व बालविकास विभागाने २०२१ मध्ये काही जिल्ह्यांत प्रणाली सुरू केली, पण नोंद झाली तरी भट्टीच्या मालकाने त्या स्त्रीला अंगणवाडीपर्यंत जाण्यासाठी तासभर सोडले पाहिजे.

या सर्व विवेचनातून एखादी माता असा अर्थ काढील की, आपले मूल अभ्यासात मागे आहे ते आपल्याच चुकीमुळे. तसे मुळीच नाही. येथे सांगितलेले सारे निष्कर्ष शेकडो मुलांच्या सरासरीचे आहेत. एका मुलाचे भविष्य त्यातून वाचता येत नाही. जन्मानंतरचे दूध, अन्न, लसी, आणि मुलाशी बोलणे, त्याला गोष्टी सांगणे यांनीही मेंदू घडत राहतो. ज्या स्त्रीच्या हाती ताटही नव्हते आणि विश्रांतीही नव्हती, तिला दोष देण्याचा अधिकार कोणालाच नाही.

भातकापणीनंतर वाड्या रिकाम्या होण्याआधीचा पंधरवडा आपल्या हाती असतो. वाड्यांशी ज्यांचा संबंध येतो, अशा धर्मभगिनींनी, शिक्षकांनी, महिला मंडळांच्या सभासदांनी त्या दिवसांत एवढे पाहावे : निघणाऱ्या कुटुंबात कोणी गरोदर आहे का, तिचे माता-बाल संरक्षण कार्ड तिच्या गाठोड्यात आहे का, गोळ्या पुढील मुक्कामापुरत्या दिल्या आहेत का, आयोडीनच्या मिठाची पुडी बरोबर आहे का, आणि ज्या भट्टीवर ती जात आहे तेथून जवळचे आरोग्य उपकेंद्र कोणते, हे तिच्या नवऱ्याला ठाऊक आहे का.